बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज: वाढायची मोकळीक दिलेल्या घरांचं काय झालं

सीबीडी बेलापूर स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला 'आर्टिस्ट व्हिलेज' एवढं सांगितलं की पुरतं. तो सेक्टर विचारत नाही. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी सोडतो आणि पुढचं तुम्ही बघा म्हणतो, कारण आतल्या गल्ल्या अशा आहेत की रिक्षा फिरवून बाहेर काढताना त्याचा घाम निघतो.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, चुकलोच. आर्किटेक्चरच्या पोरांना ज्या वसाहतीचे फोटो वर्गात दाखवतात ती हीच, हे पटेना. फोटोत पांढऱ्या भिंतींची, उतरत्या मंगलोरी कौलांची बुटकी घरं, लाकडी जिना, दारात तुळस. समोर मात्र तळमजला अधिक दोन, चकचकीत टाइल्स लावलेला दर्शनी भाग, स्टीलचं रेलिंग, गच्चीवर काळी पाण्याची टाकी. जुनं कौलारू घर शोधावं लागतं. दोन नव्या इमारतींच्या मध्ये ते असं दबून उभं असतं की लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत राहिलेल्या आजीची आठवण व्हावी.

मूळ आराखडा करणारे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया २०१५ साली गेले. वसाहत बांधली गेली १९८३ ते १९८६ या काळात, सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी. लोक या जागेकडे बघून दोनपैकी एक निकाल देतात. एक, 'बघा, लोकांनी वाट लावली.' दोन, 'बघा, घरं वाढतील असं कोरिया म्हणालेच होते, ती वाढली.' मला दोन्ही निकाल घाईचे वाटतात. या वसाहतीत नियम तीन ठिकाणी लिहिलेले होते: जमिनीच्या आखणीत, भाडेपट्ट्याच्या कागदात आणि शेजाऱ्यांच्या समजुतीत. तिन्हींचं नशीब वेगवेगळं निघालं. या प्रकरणातून काही हाती लागत असेल तर ते तिथे.

आधी थोडं नव्या मुंबईबद्दल

खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकात मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर जमीन. पटेल आणि कोरिया सुरुवातीची काही वर्षं सिडकोत होते. मंत्रालय, विधानभवन असा सगळा सरकारी पसारा इकडे यावा म्हणजे माणसं मागोमाग येतील, असा हिशेब होता. सरकार आलं नाही. नरिमन पॉइंटला समुद्रात भराव पडत राहिला, विधानभवनही तिकडेच उभं राहिलं, बेलापूरच्या वाट्याला कोकण भवन आलं. १९७३ साली वाशीचा पूल झाला, पण लोकल यायला १९९२ उजाडलं. मानखुर्द ते वाशी आधी, बेलापूर त्यानंतर. म्हणजे आर्टिस्ट व्हिलेज बांधलं तेव्हा तिथे गाडी नव्हती, बाजार नव्हता, संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर माणूस नव्हता. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे जे झालं त्याचं निम्मं कारण या लोकलमध्ये आहे.

सिडकोचं पैशाचं गणित सोपं होतं. शेतजमीन संपादन करायची, रस्ते-गटारं-वीज आणायची, प्लॉट द्यायचे आणि त्या पैशातून पुढचा नोड, म्हणजे शहराचा पुढचा भाग, उभा करायचा. प्लॉट 'विकायचे' असं आपण म्हणतो खरं, पण सिडको जमीन विकत नाही. ती बराच काळ ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर देत आली. घर तुमचं, त्याखालची जमीन सिडकोची. नव्या मुंबईत राहणाऱ्या माणसाला हे घर घेताना कळत नाही, विकताना कळतं. तेव्हा एनओसी आणि ट्रान्सफर चार्जेस हे दोन शब्द त्याच्या शब्दकोशात कायमचे शिरतात.

आराखडा

आता कोरियांनी काय केलं ते बघू. हा भाग मला सगळ्यात बुद्धिमान वाटतो, म्हणून थोडा वेळ काढतो.

सहा हेक्टरांच्या आतली जागा. त्यात ५५० कुटुंबं. घरटी पाच माणसं धरली तर हेक्टरी पाचशेच्या आसपास, तीसुद्धा लिफ्ट नाही, चाळ नाही, प्रत्येकाला स्वतःच्या पायाखालची जमीन. हे जमवण्यासाठी त्यांनी आधी मोकळी जागा आखली आणि मग घरं. सात घरांमध्ये एक अंगण, साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. अशी तीन अंगणं मिळून २१ घरं आणि त्यांच्या मधोमध बारा बाय बाराचा चौक. असे तीन चौक मिळून ६३ घरं आणि त्याहून मोठी मोकळी जागा. ही साखळी पुढे सगळ्या वसाहतीच्या मैदानापर्यंत जाते. डोंगराचं पाणी वाहून नेणारा ओहोळही त्यात बसवलेला. कागदावर ही आखणी दिसायला साखळी-रांगोळीसारखी दिसते. ठिपके आधी, रेघा नंतर.

प्लॉट ४५ चौरस मीटरपासून ७५ चौरस मीटरपर्यंत. घराची किंमत मात्र वीस हजार रुपयांपासून एक लाख ऐंशी हजारांपर्यंत. हे आकडे शेजारी ठेवून बघा. सर्वांत महाग घराची किंमत सर्वांत स्वस्ताच्या नऊपट, पण जमीन दुपटीहूनही कमी. आपल्याकडे नियोजित वसाहतीत उलट असतं. साहेबांना बंगला, कारकुनाला खोली आणि त्यामधली भिंत कायमची. कोरियांचं म्हणणं असं की आज गरीब असलेल्या माणसाला आज छोटं घर द्या, पण जमीन छोटी देऊ नका. घर तो वाढवील, जमीन वाढवता येत नाही.

मग वाढीसाठीचे बारकावे. एकही घर शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून नाही. प्रत्येकाच्या भिंती स्वतःच्या. म्हणजे वाढवताना शेजाऱ्याचं अडत नाही. शेजाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला खिडकी नाही, म्हणजे कोणाचं घर कोणाच्या घरात डोकावत नाही. संडास दोन-दोन घरांचे पाठीला पाठ लावून, म्हणजे नळाचा आणि गटाराचा खर्च निम्मा. बांधकाम असं साधं की गावातला मिस्त्रीही करू शकेल, मोठा कंत्राटदार लागू नये.

आता या सगळ्यात एक गंमत आहे. इथे 'असं करू नका' असं सांगणारा नियम जवळपास नाहीच. नियम आहेत, पण ते जमिनीत पुरलेले आहेत. सात घरांच्या अंगणावर कोणी का बांधत नाही? कारण उरलेल्या सहा घरांच्या दाराची वाट तिथूनच जाते. बांधायला गेलात तर नगररचना खात्याच्या आधी समोरच्या वहिनी येतील.

मग काय झालं

बरीच वर्षं फारसं काही नाही. कौलं शाकारायची, पावसाळ्याआधी ताडपत्री टाकायची, लाकडाला वाळवी लागली की सुताराला बोलवायचं. कोकणातला पाऊस आणि लाकडी जिना यांचं वैर कोणाला सांगायला नको. पोरं मोठी झाली, मागच्या अंगणात एक खोली निघाली. पत्र्याची शेड पडली. इथपर्यंत सगळं आराखड्याप्रमाणे.

मग लोकल आली, कचेऱ्या आल्या, बेलापूरला भाव आला. आणि आराखड्यातली एक अडचण वर आली जी कागदावर कोणाला दिसली नसावी. ४५ चौरस मीटर म्हणजे साधारण ४८५ चौरस फूट. त्यात घर, अंगण, मागचं परस. आडवं वाढायला जागा किती? एक खोली, फार तर दोन. पुढची वाढ उभीच. आणि उतरतं कौलारू छप्पर उतरवल्याशिवाय वर मजला चढत नाही. छप्पर उतरवलं की मिस्त्री म्हणतो, साहेब, या भिंतीवर स्लॅब नको, कॉलम टाकू. कॉलम टाकायचे तर पाया काढायला हवा. पाया काढायचा तर घरच पाडा ना. म्हणजे 'खोली काढू' म्हणून सुरू झालेलं काम घर पाडण्यावर येतं. घर थोडंथोडं वाढेल असं गृहीत होतं, वाढ आली ती एकदम, आरसीसी होऊन.

एक फ्रेम तुमच्यासमोर ठेवतो. पावसाळ्यातली सकाळ. डावीकडे जुनं घर, कौलांवर शेवाळ, पन्हळीतून पाणी अंगणात. उजवीकडे नवं तीन मजली. त्याच्या बाजूच्या भिंतीला, जिथे खिडकी असायची नाही तिथे, प्रत्येक मजल्यावर सरकती खिडकी आणि तिच्याखाली एसीचा डबा. गच्चीचा पाइप भिंतीतून अर्धा फूट बाहेर आलेला, त्याची धार थेट शेजारच्या कौलांवर. दोन कौलं जागेवरून सरकलेली, त्याखाली घरात बहुधा पातेलं ठेवलेलं. पाणी शेजाऱ्याच्या आवारात सोडू नये, हा नियम कोणत्या कलमात आहे ते त्या दोघांपैकी कोणालाच माहीत नसेल. पण तो मोडला गेलाय हे दोघांनाही माहीत आहे.

पाठीला पाठ लावलेल्या संडासांचंही तसंच. पैसे वाचवायला जोडलेली गोष्ट पाडताना भांडणाचं मूळ. एकाने तोडलं की दुसऱ्याची लाइन उघडी. भिंती वेगळ्या ठेवल्या, पण गटार एक राहिलं.

कागदावरचे नियम

१९९२ पासून नवी मुंबई महापालिका कामाला लागली. तेव्हापासून इथल्या माणसाला दोन मालक. जमीन सिडकोची, बांधकामाची परवानगी महापालिकेची. वाढीव बांधकाम करायचं तर नकाशा, आर्किटेक्टची सही, सिडकोची एनओसी, महापालिकेचा दाखला, मग ओसी म्हणजे भोगवटा दाखला. आता एफएसआयचं, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं याचं, साधं गणित करा. समजा एफएसआय एक आहे. ४५ चौरस मीटरच्या प्लॉटवर सगळे मजले मिळून बांधकाम ४५ चौरस मीटर. तीन मजल्यांवर वाटलं तर एका मजल्याला १५ चौरस मीटर, त्यातून जिना वजा. राहिलं काय, तर पलंग आणि कपाट. चटई क्षेत्राची ही पद्धत मोठ्या प्लॉटसाठी बेतलेली आहे. ती हातरुमालाएवढ्या प्लॉटला लावली की कायद्यात राहून वाढणं जवळपास अशक्य होतं. ज्या घराची कल्पनाच 'वाढणारं घर' अशी होती, त्याच्या वाढीची नोंद करायला फायलीत रकानाच नाही.

मग माणूस काय करतो? जे नव्या मुंबईत सगळीकडे करतात तेच. सुट्ट्या लागून आल्या की स्लॅब टाकतो. नोटीस आली की नगरसेवकाकडे जातो. विकताना पॉवर ऑफ अॅटर्नीवर व्यवहार करून मोकळा होतो. माथाडींसाठी बांधलेल्या कोपरखैरणेच्या बैठ्या घरांचं असंच झालं. तिथे तर प्लॉट याहून चिमुकले, आणि आज गल्लीत उभं राहून वर बघितलं तर आकाशाची पट्टी दिसते. तिथे कोरिया नव्हते. त्यामुळे कोपरखैरणेला 'अनधिकृत' म्हणतात आणि आर्टिस्ट व्हिलेजवर प्रबंध लिहितात. हा टोमणा आहे, पण अगदीच खोटा नाही.

मात्र एक फरक खरा आहे. कोपरखैरणेत मधलं अंगण कोणी आखलंच नव्हतं, त्यामुळे वाचवायला काही नव्हतं. आर्टिस्ट व्हिलेजमधली बहुतेक अंगणं अजून मोकळी आहेत. भोवतीचं घर न् घर बदललं, कौलं गेली, खिडक्यांचा संकेत मोडला, गाड्या आत शिरल्या. पण आठ बाय आठ जागच्या जागी. माझ्या मते आराखड्याचा हा विजय आहे आणि तो फोटोत दिसत नाही, कारण फोटो काढणारे कौलं शोधत असतात.

वाशीकडून बघितलं तर

याच सिडकोने वाशीत सेक्टर ९-१० ला इमारती बांधल्या. जेएन-१, जेएन-२ टाइप म्हणून लोक ओळखतात. चार मजले, छोटे फ्लॅट. त्यांचे स्लॅब पडायला लागले, प्लास्टरचे पोपडे जेवणाच्या ताटात यायला लागले, तेव्हा रहिवाशांच्या हातात काही नव्हतं. एकट्याला काही पाडता येत नाही. सोसायटीची संमती हवी, बिल्डर हवा, बिल्डरला परवडेल एवढा एफएसआय हवा. मोडकळीस आलेल्या सिडकोच्या इमारतींना २.५ एफएसआय मंजूर व्हायला २०१५ उजाडलं, आणि त्यानंतरही वीट लागायला वर्षं गेली.

आर्टिस्ट व्हिलेजमधल्या माणसाने यातलं काही केलं नाही. पीएफ काढला, सोनं गहाण टाकलं, मिस्त्री आणला, घर पाडून बांधलं. त्याला कोणाची सही लागली नाही (लागायला हवी होती ती त्याने घेतली नाही, हा भाग वेगळा). बिल्डर नावाचा प्राणी या गल्लीत आलाच नाही, कारण पन्नास चौरस मीटरच्या प्लॉटमध्ये त्याला रस नाही आणि सात घरांना एकत्र आणायचं म्हणजे सात तोंडं. 'प्रत्येकाला स्वतःची जमीन' या निर्णयाचा हा परिणाम. घरं कुरूप झाली म्हणणाऱ्यांनी वाशीच्या त्या जिन्यांमध्ये टेकू लावलेले बघून यावेत.

गावाकडून बघितलं तर

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे प्रकरण निवडलं ती.

आर्टिस्ट व्हिलेजचं काम चालू होतं त्याच काळात, जानेवारी १९८४ मध्ये, उरण तालुक्यात जासई-नवघर परिसरात जमिनीला रास्त भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच शेतकरी गेले. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मोबदल्याच्या चर्चेत ही गोष्ट नेहमी येते, पण घरांच्या चर्चेत येत नाही.

सिडकोने शेतजमीन घेतली, गावठाणं तशीच ठेवली. आग्रोळी, शहाबाज, दिवाळे, बेलापूर गाव, सगळी आज सेक्टरांच्या मध्ये बेटासारखी. गावठाणाची रेघ जुनी. कुटुंबं मात्र वाढत गेली. पोराचं लग्न झालं, खोली काढली. दुसऱ्याचं झालं, मजला चढवला. जागा संपली तेव्हा रेघेपलीकडे, कालपर्यंत स्वतःच्या असलेल्या शेताच्या बांधावर घर बांधलं. ती जमीन आता सिडकोची, म्हणून घर अनधिकृत. आगरी-कोळी समाज त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतो. ती नियमित करा ही मागणी दशकानुदशकं चालू आहे. त्यावर सरकारी निर्णय एकदा नव्हे, अनेकदा निघाले. बोर्ड लागले, पेढे वाटले गेले, पुन्हा मोर्चे निघाले.

आता दोन चित्रं जवळ ठेवा. मधोमध अंगण, भोवती सात घरं, स्वतःच्या भिंती, मिस्त्रीच्या हातचं काम, कुटुंब वाढेल तशी खोली. हे वर्णन आर्टिस्ट व्हिलेजच्या आराखड्याचं आहे की दिवाळे गावातल्या आळीचं? कोरियांनी हे कुठून घेतलं हे लपवलेलं नाही. आपल्याकडची जुनी वस्ती कशी वाढते, उघड्या आकाशाखाली माणसं किती जगतात, हाच त्यांच्या विचारांचा गाभा. सिडकोने हे गावपण नामांकित माणसाकडून आखून घेतलं, त्याला नावही 'व्हिलेज' दिलं. आणि जवळच खरं गाव त्याच पद्धतीने वाढत होतं, त्याला नोटिसा लावल्या.

हा दोष एका माणसाचा नाही, कोरियांचा तर नाहीच. कोऱ्या जमिनीवर शहर आखणाऱ्या प्रत्येकाला जमीन कोरीच दिसते. पण गंमत अशी की आज आर्टिस्ट व्हिलेजमधला वाढीव मजलेवाला आणि गावठाणाच्या रेघेपलीकडचा पाटील, दोघेही एकाच खिडकीसमोर उभे आहेत. दोघांचीही मागणी एकच: आहे ते नियमित करून द्या आणि जमीन एकदाची नावावर करा. भाडेपट्टा ६० चा ९९ करण्याचा निर्णय झाला तेव्हा व्हिलेजमध्ये आनंद झाला. गावात लोक म्हणाले, आमची जमीन आम्हालाच भाड्याने, आणि त्याची मुदत वाढवली म्हणून आम्ही हार घालायचे?

मागच्या पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा चक्कर मारली. ज्या जुन्या घराच्या कौलांवर शेजारच्या पाइपची धार पडायची, तिथे कौलंच नव्हती. पाया खणलेला, वाळूचा ढीग आणि सळया त्या आठ बाय आठच्या अंगणात. बाकीच्या सहा घरांच्या गाड्या त्यामुळे बाहेर रस्त्यावर लावलेल्या. एका दारात बाई ढिगाच्या कडेने उरलेल्या जागेत रांगोळी घालत होत्या. विचारलं, किती दिवस चालणार काम? म्हणाल्या, "दिवाळीच्या आत ढीग हलवतो म्हणालेत. अंगणात कंदील लावायचाय ना सगळ्यांना."